आधी जोडी, मग घाट

परवा वडगाव मावळला बाळ पाहायला गेलो. महिना झाला, तरी नाळ पडली नव्हती. आजी म्हणाल्या, "पडेल हो, घाई काय!"

म्हटले, "आजी, कर्जतला मागून इंजिने जोडल्याशिवाय जड गाडी घाट चढून लोणावळ्याला येते का?"

रक्तातल्या पांढऱ्या पेशींचेही तसेच. सीडी-१८ हे प्रथिन सीडी-११ शी आतच जोडले जावे लागते. तरच ती जोडी पेशीच्या पृष्ठभागावर येते. जनुकदोषाने सीडी-१८ बिघडले, की दोन्ही आतच अडकतात. मग पेशींना रक्तवाहिनीची भिंत धरून बाहेर पडता येत नाही. रक्तात फौज उदंड, पण जखमेत पू नाही. नाळही लवकर गळत नाही.

दोष दुर्मीळ खरा; पण वेळीच कळला तर अस्थिमज्जारोपणाने मूल वाचू शकते.

दुसऱ्या दिवशी आजीच बाळाला घेऊन डॉक्टरांकडे निघाल्या.