निकाल लागला म्हणजे शाळेची जबाबदारी संपली काय?

एप्रिल महिना हा आंबेडकरी समाजाच्या उत्साहाचा महिना. ११ एप्रिलला क्रांतिबा जोतीराव फुले यांची जयंती आणि १४ एप्रिलला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भडकल गेटला अभिवादनासाठी रीघ लागते. वस्त्यावस्त्यांतून निळे झेंडे लागतात. जयंतीच्या नियोजनाच्या बैठका महिना-दोन महिने आधी सुरू होतात आणि वर्गणीचा पैनपैचा हिशेब होतो. हे सर्व झालेच पाहिजे. परंतु नेमक्या याच दिवसांत आपल्या मुलांच्या शाळेचे वर्ष संपत असते, याकडे आमचे किती लक्ष असते? २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवण्यात आल्या आणि निकाल १ मे रोजी लावायचा होता. म्हणजे बाबासाहेबांची जयंती मुलांच्या परीक्षेच्या अगदी मध्यावर आली. जयंतीचे नियोजन करणारा समाज शाळेच्या या शेवटच्या पंधरवड्याचे नियोजन कोण करतो, हे विचारीत नाही. म्हणूनच हा विषय आम्ही आज येथे घेत आहोत.

आमचा रोख पाचवी ते आठवीच्या वर्गांकडे आहे. त्याला कारण आहे. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा मुले चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात, असा तो हिशेब होता. शाळेत नाव घातले म्हणजे मूल शिकले असे नव्हे, ते शाळेत टिकले पाहिजे, हा त्याचा अर्थ. आज चौथीला गळती थांबली असेल, पण ती नाहीशी झालेली नाही. ती पुढे सरकली आहे. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा चौथीला, पाचवीला, सातवीला किंवा आठवीला संपतात. तेथून पुढची शाळा दुसऱ्या गावात, तालुक्याला किंवा संस्थाचालकांच्या दारात. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच मुलाचा हात धरतो. त्यामुळे १ मे रोजी हातात प्रगतिपुस्तक आणि दाखला घेऊन बाहेर पडलेले मूल १५-१६ जूनला दुसऱ्या शाळेच्या पटावर दिसते की नाही, हे पाहणारे कोणी नसते. जुन्या शाळेच्या दृष्टीने ते गेलेले असते आणि नव्या शाळेच्या दृष्टीने ते अजून आलेले नसते. या दीड महिन्याच्या फटीत आमची मुले पडतात.

म्हणून आमचे पहिले म्हणणे मुख्याध्यापकांना आहे. वर्षाच्या शेवटी शिक्षकांची बैठक होते. तिच्यात उत्तरपत्रिका कधी जमा करायच्या, निकालपत्रके कधी तयार करायची, ऑनलाइन माहिती कधी भरायची आणि कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, एवढेच ठरते. या बैठकीत आणखी एक कागद ठेवावा. शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचे नाव, पुढे तो कोणत्या शाळेत जाणार, तेथे जायला एस.टी. आहे की नाही, आणि आईबापाचा काय विचार आहे, अशी ती यादी असावी. चाळीस मुलांच्या वर्गाला दोन दिवस पुरतात. ज्या मुलापुढे ‘पुढची शाळा’ हा रकाना रिकामा राहील, त्याच्या घरी वर्गशिक्षकाने सुट्टीपूर्वी जावे. शाळा उघडली की जूनच्या अखेरीस त्याच यादीवरून कोण कोठे दाखल झाला याची खूण करावी. याला निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.

दुसरा मुद्दा पाचवी आणि आठवीच्या परीक्षेचा. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरवले होते. २०१९ साली केंद्राने त्यात दुरुस्ती केली. २०२३ साली महाराष्ट्राने आपले नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला पुरवणी मार्गदर्शन द्यायचे, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची आणि त्यातही तो उत्तीर्ण झाला नाही तर त्याच वर्गात ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. ढकलगाडी थांबली म्हणून प्रस्थापितांनी टाळ्या वाजवल्या. आमचे म्हणणे वेगळे आहे. न शिकवता मुलाला पुढे ढकलणे ही त्याच्यावर कृपा नव्हे, आणि न शिकवता त्याला नापास करणे हा न्याय नव्हे. दोन्ही वेळा शिकवले गेलेले नाही आणि शिक्षा मात्र मुलालाच.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. निकाल १ मे रोजी, २ मेपासून सुट्टी आणि पुनर्परीक्षा जूनमध्ये. मग पुरवणी मार्गदर्शन करायचे कोणी आणि केव्हा? सधन घरचे मूल मे महिन्यात शिकवणी लावते. पैठण, कन्नड, सोयगावकडच्या ऊसतोड कामगाराचे मूल दसरा-दिवाळीनंतर आईबापाबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात गेलेले असते. ते हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परत येते आणि सरळ परीक्षेला बसते. वीटभट्टीवरच्या मुलाचेही तेच. अशा मुलाला जूनमध्ये आपली परीक्षा आहे हे कोण सांगणार? निकालाच्या दिवशी तो शाळेतच आला नसेल तर? तेव्हा मुख्याध्यापकांनी शिक्षकांना एवढे तरी सांगावे, की ज्या मुलाची पुनर्परीक्षा आहे त्याच्या पालकाच्या हाती साध्या मराठीत लिहिलेली चिठ्ठी द्या. कोणता विषय, कोणते धडे, कोणती उदाहरणे आणि कोणती तारीख, हे तिच्यावर असू द्या. आणि हेही त्यांना ठासून सांगा, की नापास झाला म्हणून शाळेतून नाव काढता येत नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढायचे नाही, हे २०१९ च्या दुरुस्तीतही कायम आहे. ‘तुमचा पोरगा नापास झाला, दाखला घेऊन जा’ असे ज्या पालकाला ऐकवले जाते, त्याला हे कलम माहीत नसते. म्हणून तर तसे ऐकवले जाते.

दाखल्याचेही तसेच. शिक्षण हक्क कायद्याच्या ५ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने ताबडतोब दाखला द्यायचा आहे. विलंब केला तर तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. दाखला आणायला उशीर झाला या सबबीवर नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही की नाकारायचा नाही. असे असताना ‘साहेब सुट्टीवर आहेत, शाळा उघडल्यावर या’ हे वाक्य दर उन्हाळ्यात आमच्या माणसांच्या कानावर पडते. रोजंदारीवर जाणारा बाप एक खाडा करून येतो, दुसरा करून येतो आणि तिसऱ्या वेळी येत नाही. त्या तिसऱ्या खाड्यात मुलाचे शिक्षण संपते. सुट्टीत कोणत्या दोन दिवशी दाखले मिळतील आणि ते कोण देईल, हे फळ्यावर लिहून शाळेच्या दारात लावले तर हा अनर्थ टळतो.

दाखला देण्याआधी जनरल रजिस्टर तपासणे हे तर आमच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे काम. नावातील एक वेलांटी, जन्मतारखेतील एक आकडा, जातीच्या रकान्यातील एक अर्धवट शब्द, यांपायी पुढे जात प्रमाणपत्र आणि पडताळणीच्या वेळी किती हेलपाटे घालावे लागतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. १९९० साली घटनात्मक आदेशात दुरुस्ती होऊन बौद्ध धर्मीयांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. तरीही शाळेच्या नोंदीत धर्म कोणता, जात कोणती, ती कशी लिहायची याचा गोंधळ अजून संपलेला नाही. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. शाळा सोडल्यावर तीच गोष्ट किचकट होऊन बसते. म्हणून शेवटच्या आठवड्यात प्रत्येक पालकाला बोलावून ही नोंद वाचून दाखवावी आणि मगच दाखला लिहावा. आमच्या पालकांनीही दाखला घडी घालून खिशात टाकण्यापूर्वी शाळेच्या ओट्यावर बसून, शिकलेल्या माणसाकडून तो वाचून घ्यावा.

पुढची वाट दाखवणे हेही शिक्षकाचेच काम आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठी समाजकल्याणच्या शासकीय निवासी शाळा आहेत. त्यांत सहावी ते दहावीपर्यंत राहणे, जेवण आणि शिक्षण मोफत मिळते. गावच्या शाळेने हे सुट्टीपूर्वी सांगितले नाही तर जूनमध्ये धावाधाव होते. आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण तो सरकारी वा अनुदानित शाळेत शिकत असला पाहिजे. कोणी चकचकीत विनाअनुदानित शाळेत नेऊन घातला तर शिष्यवृत्ती गेलीच. ही एक गोष्ट वेळेवर सांगणारा शिक्षक त्या घराला चार वर्षांचे पैसे मिळवून देतो.

आणि मुलींचा प्रश्न? मे महिना हा लग्नसराईचा महिना. मराठवाड्यात आठवी झालेल्या मुलीचे लग्न उरकून टाकण्याचे प्रकार आजही घडतात. आमच्या समाजात ते घडत नाहीत, असे म्हणून स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. दुष्काळ, कर्ज, ऊसतोडीसाठी लागणारी जोडी, अशी त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. वर्गात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला आणि वर्गशिक्षिकेला याची कुणकुण सर्वांत आधी लागते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलीच्या वहीत लिहिलेला असला पाहिजे. ‘जूनमध्ये तू शाळेत दिसली पाहिजेस’ असे बाईंनी आईसमोर बजावले तर त्या शब्दाला घरात वजन असते. सावित्रीमाईंच्या लेकी म्हणवून घेणाऱ्या शिक्षिकांकडून आमची ही अपेक्षा आहे.

सुट्टीत पोषण आहार बंद होतो हीसुद्धा लहान गोष्ट नाही. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला होता. ज्या वर्षी आपला तालुका दुष्काळग्रस्त जाहीर होईल, त्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीने हा आदेश पुढे करून जेवण मागितले पाहिजे. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व आहे. पण तेथे आमची माणसे सहीपुरती उरली असतील तर दोष कोणाला द्यायचा?

आता शिक्षकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. २५ एप्रिलला शेवटचा पेपर आणि १ मे रोजी निकाल, म्हणजे मधल्या चार-पाच दिवसांत शेकडो उत्तरपत्रिका तपासायच्या, निकालपत्रके भरायची आणि संगणकावरची माहितीही चढवायची. मराठवाड्याच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत हे काम करणाऱ्या माणसाच्या मागे आणखी कामे लावणे सोपे आहे. शिक्षक संघटनांनी या वेळापत्रकाविरुद्ध आवाज उठवला तो योग्यच होता. आमचे म्हणणे इतकेच, की कामाचा क्रम बदला. रंगीत तक्ते, निरोप समारंभाची सजावट आणि साहेबांना दाखवायच्या फाईली मागे ठेवा. मुलांची यादी पुढे घ्या. आणि शेवटच्या दिवसांत वर्ग झाडायला, बाके उचलायला ठराविक वस्तीची मुले आणि मंचावर स्वागतगीत म्हणायला ठराविक घरची मुले, असा प्रकार कोठे होत असेल तर तो थांबवा. नापासांची नावे भर वर्गात मोठ्याने वाचू नका. मुलांना मानसिक त्रास देण्यास कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी घातली आहे. त्या एका दिवसाचा अपमान मूल सुट्टीभर उराशी बाळगते आणि जूनमध्ये शाळेकडे पाठ फिरवते.

आमचे शेवटचे बोलणे आमच्याच माणसांशी आहे. निजामी राजवटीतून नुकत्याच मुक्त झालेल्या मराठवाड्यात १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. नागसेनवनातून शिकून बाहेर पडलेली किती तरी माणसे आज या जिल्ह्यात शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आहेत. त्यांना आम्ही विचारतो, तुम्ही त्या फटीतून निसटलात ते तुमच्या हुशारीने की कोणीतरी हात धरला म्हणून? हात धरणाऱ्याचे ऋण फक्त जयंतीच्या वर्गणीने फिटत नाही. मुकुंदवाडी, भावसिंगपुरा, हर्सूल, पडेगाव, जेथे बुद्धविहार आहे तेथे मे महिन्यात पाचवी-आठवीच्या पुनर्परीक्षेचे वर्ग चालू शकतात. निवृत्त गुरुजी आहेत, सुट्टीला आलेली महाविद्यालयीन मुले आहेत, पंखा आहे, फळा आहे. जयंती मंडळांनी वर्गणीतला थोडा भाग वह्या, पेन आणि पिण्याच्या पाण्यासाठी बाजूला काढावा. वस्तीतल्या किती मुलांचा निकाल काय लागला आणि जूनमध्ये किती मुले कोणत्या शाळेत गेली, हा हिशेब ज्या मंडळाच्या वहीत असेल, त्या मंडळाला बाबासाहेबांचा १९२७ सालचा हिशेब कळला असे आम्ही समजू.