चित्रफितीचे वजन कशावर ठरते?

विवाहसोहळा असो, दुकानातील नव्या मालाची जाहिरात असो, की घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या पेढीच्या आठवणी असोत. आज सारे काही चित्रफितीत जपले जाते. संपादन संपवून फाइल एक्स्पोर्ट केली, की ती फार जड झाल्याचे ध्यानात येते आणि दोष बहुधा रिझोल्यूशनच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षातील हिशेब मात्र निराळा आहे.

फाइलचा आकार बिटरेट आणि कालावधी यांच्या गुणाकाराने ठरतो. बिटरेट म्हणजे चित्रफितीच्या प्रत्येक सेकंदावर खर्च होणारी माहिती. ती मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मात्र मेगाबाइटमध्ये; आणि ८ बिटचा १ बाइट होतो. म्हणून बिटरेटला सेकंदांनी गुणून ८ ने भागावे. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने एका मिनिटाची फीत सुमारे ६० एमबी, तर १० मिनिटांची ६०० एमबी भरते. ध्वनीची अल्पशी भर वेगळी.

मग रिझोल्यूशनचे काम काय? १९२० × १०८० च्या चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात, तर ३८४० × २१६० च्या, म्हणजे ‘फोर-के’ चित्रात सुमारे ८३ लाख. बिटरेट तोच ठेवला, तर दोन्ही फाइलींचे वजन जवळजवळ सारखेच राहते. परंतु तेवढीच माहिती चौपट ठिपक्यांत वाटली जाते. एका अंगरख्याच्या कापडात चार बेतावेत, तसा हा प्रकार! चित्र पुसट आणि ठोकळेदार दिसू लागते. म्हणूनच सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रफितीसाठी यूट्यूब ७२० ला ५, १०८० ला ८ आणि ‘फोर-के’ला ३५ ते ४५ मेगाबिट सुचविते. रिझोल्यूशन आकार थेट वाढवीत नाही. ते अधिक बिटरेटची मागणी करते.

दृश्याचाही विचार करावा. स्थिर बसून बोलणाऱ्या आजोबांना कमी बिटरेट पुरतो. वरातीतील नाचाला, उधळलेल्या फुलांना अधिक लागतो. एच.२६४ ऐवजी २०१३ साली आलेली एचईव्हीसी पद्धत निवडल्यास जवळपास निम्म्या बिटरेटमध्ये तोच दर्जा मिळू शकतो. मात्र जुन्या उपकरणांवर ती चालेलच असे नाही.

एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. बिटरेट घटविताना गाळलेला तपशील पुन्हा येत नाही. हलकी प्रत पुढे जास्त बिटरेटने एक्स्पोर्ट केली, तरी वजन वाढते, स्पष्टता नाही. आप्तांना पाठविण्यासाठी ७२० ची, ५ मेगाबिटची प्रत पुरेशी आहे. १० मिनिटांना ती सुमारे ३७५ एमबी होईल. परंतु कॅमेऱ्यातील मूळ चित्रण पुसून केवळ मोबाइलवर फिरलेली प्रत जपणे म्हणजे मुद्दल देऊन पावती सांभाळणे होय. मूळ चित्रण दोन स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवावे. ज्या आजींचा आवाज आणि चेहरा पुन्हा टिपता येणार नाही, त्यांच्या बाबतीत काही जीबींची काटकसर परवडणारी नसते.