भिंत आणि वाळू

टेक्सासच्या किनाऱ्यालगत गॅल्व्हस्टन हे वाळूचे अरुंद बेट आहे. ८ सप्टेंबर १९०० रोजी तेथील चक्रीवादळाने किमान ६,००० माणसांचा बळी घेतला. वाचलेल्यांनी गाव सोडले नाही. १९०४ पर्यंत त्यांनी १७ फूट उंचीची सागरभिंत उभारली. घरे जॅकवर उचलून खाली वाळू भरली. १९१५ च्या वादळात या श्रमांचे चीज झाले. तथापि भिंतीपुढील पुळण झिजत गेली, आणि २००८ मध्ये ‘आइक’ वादळाचे पाणी मागील खाडीतूनही शहरात शिरले.

अशी बेटे लाटाच रचतात आणि लाटाच सरकवितात. म्हणून पुनर्वसन म्हणजे मोडलेले जागच्या जागी पुन्हा बांधणे नव्हे. किनाऱ्याची पट्टी वाळूला मोकळी सोडून, मागे व उंचावर वस्ती करणे हेच खरे शहाणपण होय.