मी आलेच!

जगातली सगळ्यात जुनी थाप कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी आमच्या बँकेतल्या 'साहेब आत्ता येतीलच' ह्या थापेचं नाव घेणार नाही. तो मान 'तुम्ही बसा, मी आलेच' ह्या थापेचा. ही रोज रात्री आठच्या सुमाराला मराठी घराघरांतून मारली जाते, आणि ज्याला मारली जाते तो नवरा ती निमूटपणे पचवून वर ढेकर देतो.

आमच्या सांगलीच्या घरी ही थाप गेली ४७ वर्षं चालू आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आठच्या ठोक्याला पाणी सोडावं तसे ते खुर्चीत येऊन बसतात. आई म्हणते, "तुम्ही बसा, मी आलेच." मग पहिली पोळी येते, फुगलेली. ती संपते न संपते तोच दुसरी. तिसरी आली की बाबा हात आडवा धरतात. ह्याला आमच्याकडे नवऱ्याने केलेली मदत म्हणतात. आमटी बरी झाली असली तर बाबा काही बोलत नाहीत. बिघडली असली तर "आज आमटी वेगळी झाल्ये" म्हणतात. मिठाचं भांडं स्वतःच्या कोपरापासून वीतभर अंतरावर असताना "जरा मीठ वाढ" म्हणतात, आणि आई ओट्यापासून चालत येऊन ते वीतभर अंतर कापते. बाबा हात धुऊन बातम्या लावतात तेव्हा आई खरंच 'आलेली' असते. तिच्या पानात सकाळची पोळी, भाजीच्या पातेल्याचा तळ आणि गार आमटी.

आता माझ्यावर तुटून पडायला सरसावलेल्या ज्येष्ठ वाचकांची पहिली हरकत मला पाठ आहे. "अहो, तव्यावरून थेट पानात पडलेल्या पोळीची सर कशाला येते का?" नाही येत. मान्य. पण मी पडलो बी. कॉम. डबल एन्ट्रीत आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की एका बाजूला जमा झालं की दुसऱ्या बाजूला नावे पडलंच पाहिजे. बाबांच्या पानात गरम पोळी जमा होते तेव्हा ती नावे कुणाच्या पडते? ४७ वर्षांच्या रात्री मोजल्या तर सतरा हजारांवर जातात. इतकी वर्षं एका बाजूने लिहिलेली वही आमच्या ऑडिटरने पाहिली असती तर त्यालाच घाम फुटला असता. आणि गरम पोळीचं एवढं काय घेऊन बसलात? देवाला आपण नैवेद्याचं पान एकदाच वाढतो. अमुक एक देव 'दुसरी गरम आण' म्हणाल्याचं पुराणात माझ्या तरी वाचनात नाही.

दुसरी हरकत जास्त नाजूक. "तिला तसंच आवडतं हो!" आमच्या आईला काय काय आवडतं त्याची यादी ऐका. तिला करपलेली पोळी आवडते. ब्रेडची कड आवडते. आंब्याची कोय आवडते. दुधाच्या पातेल्याची खरवड तर फारच आवडते. आमच्या आजीला म्हणे आजोबांच्या उष्ट्या पानात जेवायला आवडायचं. एका आख्ख्या जातीला घरातलं नेमकं उरलेलंच आवडावं, ह्या योगायोगाकडे कुणाचं लक्ष कसं गेलं नाही?

नाही म्हणायला आईचंही पान गरम गरम वाढलं गेलं आहे. माझ्या लग्नात, २००८ साली, विहिणीच्या पंगतीत. पाटाभोवती रांगोळी, समईचा उजेड, माझे सासरे हात जोडून उभे आणि "विहीणबाई, अजून एक जिलबी" म्हणून आर्जवं चाललेली. आई इतकी अवघडून बसली होती की मला वाटलं, आता उठून स्वतःच वाढायला लागते. त्यानंतर त्या खात्यावर व्यवहार नाही. आमच्या बँकेत दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं उलटली की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. आईच्या वाटच्या गरम पोळ्या आता तिकडेच असणार.

हे सगळं मी विनोदानेच घेत होतो. पण गेल्या पाडव्याला गुढी उतरवायच्या वेळी आई चक्कर येऊन खाली बसली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी विचारलं, "रात्री काय जेवता?"

"जेवते की सगळं."

"सगळं म्हणजे?"

आईने बाबांकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ह्या माणसाला १९८३ च्या वर्ल्डकप फायनलचा धावफलक तोंडपाठ आहे हो! आपल्या १८३, त्यांच्या १४०, श्रीकांतच्या ३८, अमरनाथच्या बारा धावांत तीन विकेटी. पण ज्या टेबलाशी सतरा हजार वेळा जेवले त्या टेबलावर पलीकडच्या पानात काय असतं, ते त्यांना सांगता आलं नाही. सांगणार कुठून? पलीकडचं पान मांडलं जायचं तेव्हा ते बातम्या बघत असायचे.

रक्त कमी व्हायची कारणं पुष्कळ असतात, सगळा दोष शिळ्या पोळीवर टाकू नका, असं डॉक्टर म्हणाले. बरोबर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला होता. आमची आई ह्या वयात बसत नाही. म्हणजे मोजदादीतसुद्धा ती मागूनच बसायची! २०१९ मध्येच सरकारने देशातल्या माणसांचा वेळ कुठे जातो तेही मोजलं होतं. दिवसभरात काही ना काही घरकाम करणारे पुरुष शंभरात सव्वीस निघाले. उरलेले चौऱ्याहत्तर त्या वेळी काय करत होते ते पाहणीत नाही, पण मला माहीत आहे. 'जरा मीठ वाढ' म्हणत होते.

(माझं स्वतःचं काय, असं आमच्या सौभाग्यवतींनी हे वाचून विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं की मी माझं ताट माझं मी घेतो. त्यावर ती म्हणाली, "आणि मी कुठे जेवते?" मी आठवून पाहिलं. ओट्याशी, उभ्याने, उद्याच्या डब्याची भाजी चिरता चिरता. ह्या विषयावर सविस्तर पुन्हा केव्हातरी.)

मग मी दुसऱ्या शनिवारला जोडून रजा टाकली आणि सांगलीला जाऊन मार्शल लॉ पुकारला. सगळ्या पोळ्या आधी करून डब्यात. पानं एकाच वेळी मांडायची. कुणीही उठायचं नाही. बाबांनी "गार होतील" अशी हरकत नोंदवली. ती फेटाळण्यात आली. आई बसली खरी, पण खुर्चीच्या कडेवर, एस. टी.त चौथ्या सीटवर बसल्यासारखी. गॅस बंद आहे ना म्हणून उठली. लोणच्यासाठी उठली. मांजर आल्यासारखं वाटलं म्हणून उठली. कॅश मोजावी तसं मी मोजत होतो. सात वेळा झालं. आठव्या वेळी मी तिचा हात धरून ठेवला.

बाबा बराच वेळ गप्प जेवत होते. मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, वरच्या दोन चांगल्या पोळ्या बाजूला सारल्या, शोधून शोधून एका बाजूने काळी पडलेली पोळी काढली आणि आईच्या पानात वाढली.

"घे. तुला आवडते ना?"

आईने पोळीकडे पाहिलं. मग ती उचलून त्यांच्या पानात ठेवली.

"आज तुम्ही खा."

बाबांनी घास मोडला, आमटीत बुडवला, तोंडात टाकला. जरा वेळ चावत राहिले.

"कडू लागते गं ही," ते म्हणाले.