तेरणाकाठचे विस्मृत तगर

श्रावणात येडशीच्या रामलिंगाला भाविकांची रीघ लागते. बालाघाटाच्या कुशीतील महादेवाचे दर्शन घेऊन, वनश्री डोळ्यांत साठवून मंडळी परततात. तेथून पूर्वेस पंधरा-वीस किलोमीटरवर, तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. मात्र याच मातीखाली एक अख्खे कापडनगर निजले आहे, याची जाणीव आपल्यापैकी किती जणांना असते?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील ‘तगर’ या फार मोठ्या नगराचा उल्लेख आहे. तगरचे साधे कापड आणि नाना प्रकारची तलम वस्त्रे गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदरात येत आणि तेथून समुद्रापार जात. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. १९५८ पासूनच्या उत्खननांत येथील सातवाहनकालीन समृद्धी उजेडात आली. इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेरलाही मिळाली आहे.

पुढे शिलाहार राजे कोकणात व कोल्हापुरात राज्य करीत असतानाही स्वतःला अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. राजांनी नगराचे नाव मिरवले खरे. पण ते नाव सातासमुद्रापार नेले ते मागावर बसणाऱ्या विणकरांनी आणि गाड्या हाकणाऱ्यांनी. त्यांतील एकाचेही नाव आज आपल्याला ठाऊक नाही. आपला इतिहास राजवंशांच्या नामावळीत अडकून पडला, तो असा.

प्रत्येक ऱ्हासाचे खापर परचक्रावर फोडण्याची आपल्याला सवय जडली आहे. रोमशी चालणारा व्यापार ओसरला आणि तगरची पेठही ओसरली. उरलेल्या अवशेषांची हानी मात्र परक्यांनीच केली असे म्हणता येईल काय? दख्खनमधील कित्येक पांढरींची माती शेतात घालण्यासाठी आपल्याच फावड्यांनी उपसली गेली आहे. जुनी वीट दिसली की ती घराच्या भिंतीत जाते, नाणे सापडले की ते सोनाराकडे जाते. ज्या वारशाचा आपण व्यासपीठावरून गौरव करतो, तो असा मूठमूठ नाहीसा होतो.

याला छेद देणारे उदाहरणही तेरमध्येच आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू चिकाटीने गोळा केल्या, जपल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथे उभे आहे. विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिरही आहे. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. एकाच वास्तूत अनेक पिढ्यांची श्रद्धा नांदली, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे.

वारसा घोषणांनी टिकत नाही. तो राखावा लागतो. येत्या श्रावणात रामलिंगाचे दर्शन झाल्यावर सहकुटुंब तेरपर्यंत जावे. गोरोबाकाकांच्या समाधीपुढे नतमस्तक व्हावे आणि संग्रहालयातील त्या मूक वस्तूंसमोर मुलांना घटकाभर उभे करावे. पांढरीवरचे खापर उचलून खिशात घालायचे नसते, एवढे जरी त्यांना उमगले, तरी तगरच्या त्या अनाम विणकरांचे ऋण थोडे फिटेल.