डिकीतले पंख

मोटारींच्या एका शर्यतीवरून मी माझ्या सख्ख्या भाच्याशी गेली चार वर्षं भांडतो आहे, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. एक तर मला गाडी नीट चालवता येत नाही. उलटी घेताना मंडळींना अजूनही खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या... अहो, थांबा!" करावं लागतं. आणि दुसरं म्हणजे ती शर्यत इंग्लंडात झाली, तीही १९९४ साली. पण पानिपतावर आपण अडीचशे वर्षं भांडतो ते चालतं, मग सिल्व्हरस्टोननं काय घोडं मारलं आहे?

भाचा त्या सिल्व्हरस्टोनच्या जवळच राहतो. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे आठवडाभर पाऊस होता. घरात कोंडलेल्या मामाचं करायचं काय, म्हणून त्यानं मला ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपच्या जुन्या शर्यती दाखवल्या. मी पहिल्या पाच मिनिटांत विरघळलो. कारण त्या मोटारी मोटारींसारख्या दिसत होत्या! फॉर्म्युला वनची गाडी म्हणजे इस्त्री फिरवलेला डास. तिच्याशी आपलं नातं काय? इथे मात्र फोर्ड मोंडेओ, रेनॉ लागुना, व्हॉक्सहॉल कॅव्हेलियर अशा चार दारांच्या, संसारी गाड्या. ज्यांतून तिकडचा कारकून कचेरीत जातो आणि त्याची बायको बटाटे आणते, त्याच एकमेकींना ढुशा देत, आरसे उडवत, दोन चाकांवर वळणं घेत धावत होत्या. बँकेतल्या सगळ्या हेडक्लार्कांनी शर्ट काढून कबड्डी खेळावी तसं ते दृश्य! आणि वर मरे वॉकर नावाचे वयस्कर गृहस्थ धोतराला आग लागल्याच्या आवाजात वर्णन करत होते.

या शर्यतीचा सारा डोलाराच त्या ओळखीवर उभा आहे. रविवारी जिंका, सोमवारी विका, हा या धंद्यातला मंत्र. म्हणून त्या काळी नियम असा होता, की शर्यतीतली गाडी दुकानातल्या गाडीसारखी दिसली पाहिजे. इंजिन दोन लिटरचं, मिनिटाला ८,५०० फेऱ्यांच्या वर फिरवायचं नसे. आणि बाहेरून जे काही अंगाला चिकटवाल, ते विक्रीच्या निदान २,५०० गाड्यांबरोबर दिलेलं असावं लागे. कसा साधा, सरळ, मध्यमवर्गीय नियम!

आता माझ्या संतापाचा मजकूर. त्या वर्षी इटलीहून आल्फा रोमिओवाले १५५ नावाची गाडी घेऊन आले. तिच्या खास आवृत्तीचं नावच त्यांनी 'सिल्व्हरस्टोन' ठेवलं होतं. यजमानांच्या गावाचं नाव मुलीला ठेवून तिच्या बारशाला त्यांनाच बोलवावं तसं. या गाडीच्या पुढच्या जबड्याखालची पट्टी पुढे सरकवून बसवता येई आणि मागच्या पंखाला उंची देणारे तुकडे जोडता येत. त्यानं काय होतं? वारा गाडीला वरून दाबून धरतो, चाकं रस्ता सोडत नाहीत आणि ज्या वळणावर दुसरे ब्रेक दाबतात तिथे तुम्ही शीळ घालत जाता. मग दुकानातल्या २,५०० गाड्यांना हे पंख होते का? होते! डिकीत होते!! सुटे, न जोडलेले, स्टेपनीच्या शेजारी. गिऱ्हाइकाला हवे तर त्यानं घरी पान्यानं आवळून घ्यावेत.

"नियमात बसतं, मामा," भाचा म्हणतो. "गाडीबरोबर दिलेले होते ना? झालं तर."

नियमात बसतं! या दोन शब्दांनी माझं आयुष्य पोखरलेलं आहे. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या एका सभासदानं जिन्याखाली पिठाची गिरणी घातली तेव्हाही ती नियमात बसत होती; आम्हीच तेवढे जिन्यात बसत नव्हतो. नियमाच्या कागदावर बोट ठेवून हसणारा माणूस मला उघड चोरापेक्षा जास्त छळतो. चोर निदान धावतो तरी.

पुढचा तमाशा ऐका. पहिल्या पाचच्या पाच शर्यती आल्फानं मारल्या. बाकीच्या कंपन्यांनी बोंब ठोकली. पंचांनी स्नेटरटन आणि सिल्व्हरस्टोनचे गुण कापले. अपिलात ते परत मिळाले. मे महिन्यात ओल्टन पार्कला "पंख मिटून पळा" असा हुकूम झाला, तेव्हा आल्फावाले सामान बांधून चक्क निघून गेले. पंगतीत दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं नाही म्हणून व्याही उठून जातात तसे. जुलैपासून पंख मिटून पळायचं ठरलं. पण तोवर गुणांची कोठी भरलेली होती. त्यांचा गॅब्रिएले तार्क्विनी एकूण आठ शर्यती जिंकून विजेता झाला. ड्रायव्हर पट्टीचा, यात वाद नाही. मिटल्या पंखांनीही तो जिंकला आहे, हे भाचा प्रत्येक फोनमध्ये सांगतो. मी त्याला दरवेळी १९९५ ची आठवण देतो. त्या वर्षी पंख सगळ्यांनाच मोकळे झाले, आणि आल्फाला एकही शर्यत जिंकता आली नाही. बोल!

यावर तो बोलतो. माझ्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवतो. कारण त्या १९९४ सालात माझं मन जिच्यावर जडलं ती होती व्होल्वो ८५० इस्टेट. आपल्याकडे इस्टेट म्हणजे भावाभावांत कोर्टकचेऱ्या लावणारी चीज. तिकडे इस्टेट म्हणजे मागे लांबलचक पाठ असलेली, कुत्रं, छत्र्या, सासू आणि कपाट एकदम मावेल अशी गाडी. ती व्होल्वोवाल्यांनी शर्यतीत उतरवली! चालवायला स्वीडनचा रिकार्ड रायडेल आणि नेदरलँड्सचा यान लामर्स, ज्यानं १९८८ साली ल मांसची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. थ्रक्स्टनला ती मैदानात आली तेव्हा लोक हसले. त्या हसण्याला उत्तर म्हणून व्होल्वोवाल्यांनी एकदा संचलनाच्या फेरीत मागच्या काचेत चिंध्या भरलेलं मोठं कुत्रं बसवून दिलं. मी तिथेच तिचा झालो. वर्षभरात तिचा सर्वांत वरचा क्रमांक पाचवा.

"मामा, तुमची ती व्होल्वो तरी कुठे प्रामाणिक होती?" भाचा विचारतो. "आतल्या सीटा काढलेल्या, लोखंडी पिंजरा घातलेला, इंजिन खाली-मागे सरकवलेलं. आणि सगळा खटाटोप जाहिरातीसाठी."

सगळं खरं आहे. मी एकेक मुद्दा मान्य करतो. पण आतलं सामान सगळ्यांनीच काढलं होतं, आणि ते काढलेलं सगळ्यांना माहीत होतं. बाहेरून जी व्होल्वो दिसत होती तशीच ती दुकानात मिळत होती, कुठल्याही गिऱ्हाइकाला पाना घेऊन अंगणात बसावं लागत नव्हतं. जाहिरातीचं म्हणाल, तर "आमची म्हैस पळते" म्हणणाऱ्यानं म्हैस पळवून दाखवली, यात फसवणूक कुठली? माझं भांडण हरण्या-जिंकण्याशी नाहीच. जी स्पर्धा मला सांगते की "बघ, ही तुझ्याच फाटकातली गाडी आहे", तिनं माझ्या फाटकातल्या गाडीची डिकी उघडून बघू नये एवढंच माझं म्हणणं.

आणि शेवटी भोगलं कोणी? १९९५ साली पंखांची मुभा आली तशी व्होल्वोवाल्यांनी माझी इस्टेट मोडीत काढून साधी सलून गाडी आणली. लांब पाठीच्या गाडीला पंखांचा उपयोग होईना. पुढे १९९८ साली रायडेल विजेताही झाला, एस-४० नावाच्या चारचौघींसारख्या गाडीत. भाच्यानं तो विजय मला दाखवला. मी चहा पीत होतो.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, ते सगळं राहू द्या. तुम्ही बाल्कनीला काचा लावून तिची खोली केलीत, ते नियमात बसतं का?"

मी म्हटलं, "अरे, आवाज तुटतोय तुझा."