मोलेच्या जंगलाचा हिशेब

सार्वजनिक जमीन म्हणजे फुकटची जमीन, हे गृहीत धरूनच आपल्याकडे विकासयोजनांची अंदाजपत्रके मांडली जातात. गोव्यातील मोलेच्या बाबतीत हेच घडले. सुमारे २४० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य एकीकडे म्हादईच्या, तर दुसरीकडे कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाशी जोडलेले आहे. वाघ, रानकुत्रे आणि गवे यांची ये-जा या सलगतेवरच चालते. त्यातूनच लोहमार्गाचे दुपदरीकरण, चौपदरी महामार्ग आणि ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकदम रेटण्यात आले. त्यांच्या मंजुरीचा काही भाग तर एप्रिल २०२० मध्ये, सारा देश टाळेबंदीत कोंडलेला असताना, दूरदृश्य बैठकीत उरकला गेला.

प्रकल्पांच्या समर्थकांचा युक्तिवाद असा की, जाणारी जमीन अल्प आहे आणि तिच्या बदल्यात अन्यत्र झाडे लावता येतील. क्षेत्रफळाच्या भाषेत हे बिनचूक वाटते. परंतु पुलाची एक कमान पाडली तर पूल एक दशांश कमी होत नाही. तो पूलच राहत नाही. श्वापदांच्या वाटेचे मोल तिच्या अखंडतेत आहे, आणि दूरच्या एखाद्या माळावर केलेली लागवड ती अखंडता परत आणू शकत नाही. सरकारी हिशेबात मात्र अखंडतेसाठी रकानाच नाही.

हा रकाना भरला तो सामान्य गोमंतकीयांनी. ‘आमचें मोलें’ या मोहिमेत विद्यार्थी, चित्रकार आणि शास्त्रज्ञ उतरले. मुरगाव बंदरातील कोळशाची धूळ सोसणारी किनाऱ्यावरची गावे आधीपासूनच झगडत होती. दुपदरीकरण मुख्यतः या कोळशासाठीच आहे, असा त्यांचा आक्षेप होता. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे हजारो लोक लोहमार्गापाशी जमले. जंगलातील गवा आणि किनाऱ्यावरचा मच्छीमार यांचे हितसंबंध एकच आहेत, हे पुस्तकी पर्यावरणवाद्यांना जमले नसते इतक्या स्पष्टपणे त्या रात्री दिसले.

सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीचा एप्रिल २०२१ मधील अहवाल अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. घाटातील १:३७ च्या तीव्र चढामुळे कॅसलरॉक ते कुळे हा टप्पा मुळातच अकार्यक्षम आहे. त्याची क्षमता किंचित वाढविण्यासाठी एवढा खर्च आणि एवढा विध्वंस समर्थनीय नाही, असा समितीचा निष्कर्ष होता. मे २०२२ मध्ये न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव-मान्यता रद्द केली. तथापि सविस्तर अभ्यास करून पुन्हा प्रस्ताव आणण्याची मुभा रेल्वेला आहे. विजय हंगामी आहे.

आणि त्याला एक दुखरी बाजू आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या जंगलात, चार वाघ विषबाधेने मेले. गुरे गमावणाऱ्या पशुपालकांवर संशय गेला, अटका झाल्या. वाघ मारणे हा गुन्हाच. परंतु ज्याची गाय हेच भांडवल, त्याला भरपाईसाठी ताटकळत ठेवायचे आणि वनहक्क कायद्याखालील त्याचा दावा वर्षानुवर्षे रखडवायचा, हाही अपराधच नव्हे काय? जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्य सरकारने विरोधासाठी याच लोकांच्या विस्थापनाची ढाल पुढे केली. त्यांचे दावे निकाली काढण्याची तत्परता मात्र त्याने आधी कधी दाखविली नव्हती.

हीच वाट उत्तरेकडे महाराष्ट्रात, दोडामार्ग आणि सावंतवाडीत शिरते. तिथल्या पट्ट्याला पर्यावरणीय संरक्षण देण्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये आदेश दिला. पण २००२ पासून कर्नाटकातून येणारे हत्ती माड-केळी उद्ध्वस्त करतात, त्या बागायतदाराला ‘संवेदनशील क्षेत्र’ हा शब्द धमकीसारखा ऐकू येतो, आणि खाणवाले ती भीती हौसेने पेरतात. त्या गावांत आपल्या कार्यकर्त्यांनी न्यायालयाच्या आदेशाची प्रत घेऊन जाण्यापूर्वी अडलेल्या नुकसानभरपाईच्या पंचनाम्यांची यादी करावी, आणि ती घेऊन प्रथम वनखात्याच्या कचेरीत बसावे.